पाठीवरचा आकडा

अण्णांनी फोन केला आणि एकच शब्द बोलले, "ऐक."

मी ऐकायला लागलो. काहीच नाही. मधेच एक कावळा तुटक ओरडला, कुणीतरी खोकलं, परत शांत. अर्ध्या मिनिटानं अण्णाच म्हणाले, "आलं का ऐकू?"

"काय ऐकू यायला पाहिजे होतं?"

"गाडी चालू हाय, बोनेट उघडं हाय, फोन इंजिनावर धरलाय. आणि तुला ऐकू येत न्हाई?"

दोष माझ्या कानांचा नव्हता. हल्लीचे मोबाइल एकसुरी, सतत चालणारा आवाज म्हणजे गोंगाट असं धरून चालतात आणि तो गाळून टाकतात. माणसाचा आवाज तेवढा पुढे पाठवतात. कावळ्याला सुद्धा त्यात थोडी जागा मिळाली, पण चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनाला नाही. हे मी अण्णांना समजावून सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "मग तू ये." शनिवारी पहाटे मी पिंपरीहून निघालो आणि जेवायच्या वेळेला तासगावजवळच्या आमच्या गावात पोचलो.

आमच्याकडे टाटा ४०७ आहे, १९९८चं मॉडेल, अण्णांनी २००३ साली जुनं घेतलेलं. गाव त्याला टेम्पो म्हणतं, आरटीओच्या कागदावर ते मालवाहू वाहन आहे, पुण्याचे माझे मित्र ट्रक म्हणतात, आणि अण्णा फक्त 'गाडी' म्हणतात. घरात मोटारसायकल आहे, माझी चारचाकी असते, पण 'गाडी कुठाय' असं कुणी विचारलं तर ते ४०७बद्दलच असतं. १९८६ साली हे मॉडेल पुण्याच्या कारखान्यातून बाहेर पडलं तेव्हा छोट्या ट्रकांच्या बाजारात जपानी नावांची गर्दी होती. टोयोटा, माझदा, मित्सुबिशी, निसान, प्रत्येकाचा इथला एकेक भागीदार. त्यातली बरीचशी नावं आता भंगारवाल्यांनाच आठवत असतील. हिच्या इंजिनाचं नाव ४९७, आणि त्या आकड्यात सगळं सांगितलेलं आहे: सिलिंडर चार, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. पिस्टनचा वर-खाली प्रवास १०० मिलिमीटर. गुणाकार केला की २९५६ सीसी येतात. नावातच हिशेब ठेवणारी माणसं मला आवडतात.

तर आवाज. बोनेटजवळ उभा राहिलो तेव्हा मला नेहमीचाच खडखडाट ऐकू आला. अण्णांनी ॲक्सिलरेटर हळू दाबला आणि सोडला. "आता." मला कळलं नाही. परत दाबला, सोडला. तिसऱ्यांदा, आवाज उतरत असताना, आत कुणीतरी बोटाच्या पेरानं दारावर टकटक करावं तसं काहीतरी झालं. फक्त उतरतानाच. अण्णा ते तीन आठवड्यांपासून ऐकत होते.

मग मी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या अंगाला आणि मूठ कानाला लावून बसलो. अण्णांनी एकेका नोझलच्या पाइपाचा नट थोडा ढिला केला, म्हणजे तेवढ्या सिलिंडरचं डिझेल तुटतं आणि त्यात स्फोट होत नाही. पहिल्याला टकटक तशीच. दुसऱ्याला तशीच. तिसऱ्याचा नट ढिला केला आणि टकटक दबली. म्हणजे पिस्टनला क्रँकशी, इंजिनाच्या मुख्य फिरत्या आसाशी, जोडणारा जो दांडा, त्याच्या मोठ्या तोंडातलं बेअरिंग. बिग एन्ड. गॅरेजच्या भाषेत बिगेन.

तासगावातल्या एका गॅरेजवाल्यानं इंजिन उतरवून, क्रँक बाहेर काढून, घासून, सगळं नव्यानं बांधायचा जो आकडा सांगितला, तेवढ्यात त्या वयाची दुसरी अर्धी गाडी आली असती. शिवाय दीड-दोन महिन्यांत द्राक्षं सुरू होणार होती, मग बेदाण्याचे बॉक्स कोल्ड स्टोरेजला. त्या काळात गाडी उभी म्हणजे घर उभं. आणि आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतो. पंचविशी ओलांडलेल्या गाडीत एवढे पैसे ओतायचे आणि पुढच्या वर्षी तिनं पास व्हायचं नाही असं ठरवलं तर? अण्णा म्हणाले, "बेअरिंग तेवढी बदलू. घरीच."

घरी म्हणजे बेदाण्याच्या शेडशेजारच्या कोब्यावर. आणि 'बदलू' म्हणजे मी बदलणार, कारण अण्णांची पाठ गाडीखाली जायची राहिलेली नाही. आणि सांगणार वस्ताद.

वस्ताद मिरजेचे. पूर्वी लेलँड, टाटा, जे काय रस्त्यावर बंद पडेल ते खोलायचे. आता गुडघे गेलेत. त्यांना मोटारसायकलवरून आणलं, शेडच्या तोंडाशी बाज टाकली, आईनं चहा दिला, आणि तिथून त्यांनी पुढचे तीन दिवस मला चालवलं. त्यांना दिसत काहीच नव्हतं. मी खालून ओरडून सांगायचो आणि ते विचारायचे, "हाताला काय लागतंय?"

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. नोकरी सॉफ्टवेअरची, पण पदवी मेकॅनिकलची. हे वस्तादांना सांगायची चूक अण्णांनी पहिल्या दहा मिनिटांत केली. त्यानंतर मी 'इंजिनेरसायेब' झालो. गंमत म्हणजे जर्नल बेअरिंगवर मी परीक्षेत पूर्ण मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, आणि तोवर एकही बेअरिंग हातात घेतलेलं नव्हतं.

बेअरिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे छर्‍याचं बेअरिंग येतं, सायकलीतलं, पंख्यातलं. इंजिनाच्या पोटात क्रँकवर छर्रे नसतात. बांगडी मधोमध कापावी तशा दोन अर्ध्या पट्ट्या असतात, गुळगुळीत, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाड. एक अर्धी वर, एक खाली, मधे क्रँकचा गोल दांडा. त्या दोघांत फट ठेवलेली असते केसाच्या जाडीएवढी, आणि त्या फटीत ऑइल. गाडी चालू असताना दांडा बेअरिंगला टेकतच नाही. टेकला की संपलं. तो फिरता फिरता ऑइल स्वतःच्या खाली ओढून घेतो, निमुळत्या फटीत कोंबतो, आणि त्या पाचरीवर तरंगतो. स्फोटाच्या क्षणी टनांचा भार येतो तेव्हा मधलं ऑइल मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावं इतकं पातळ होतं, तरी ते मधे असतं.

हे माणसाला कळलं तेही अपघातानंच. १८८३ साली इंग्लंडमध्ये बोशॅम्प टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या आसाचं बेअरिंग तपासत होता. ऑइल सोडायला म्हणून त्यानं वरून एक भोक पाडलं. यंत्र चालू केलं तर ऑइल आत जायच्या ऐवजी भोकातून वर यायला लागलं. त्यानं बूच मारलं. बूच वर सरकलं. लाकडाची खुंटी ठोकली, तीही वर ढकलली गेली. शेवटी त्यानं दाब मोजायचं मीटर लावलं तर काटा टोकाला जाऊन भिडला. आसावर टाकलेला भार सरासरीनं जेवढा होता, त्याच्या दुपटीपेक्षा जास्त दाब ऑइल स्वतः तयार करत होतं. कुणीही ते पंपानं भरत नव्हतं. तीन वर्षांनी ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनं त्याचं गणित मांडलं, आणि त्यानंतर सव्वाशे वर्षांनी मी ते पाठ केलं. बूच उडालं ही गोष्ट मात्र आम्हाला कुणी सांगितली नव्हती. सांगितली असती तर पाठ करावं लागलं नसतं.

ही गोष्ट मी चहाच्या वेळी वस्तादांना सांगितली. त्यांनी ऐकून घेतली. "बैलगाडीखाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं," ते म्हणाले, "बघितलंय का? वंगण संपलं की चाक वरडतं. एवढंच हाय. पुढं बोल, चेंबर सुटलं का?"

चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाची ऑइलची पेटी. सुटायचं होतं, पण पुढचा ॲक्सल आडवा येत होता. इंजिनाची माउंटिंग ढिली करून, जॅकवर लाकडी ठोकळा ठेवून इंजिन दोन बोटं उचललं तेव्हा ते बाजूनं तिरकं निघालं, आणि निघताना आतलं उरलेलं काळं ऑइल माझ्या डाव्या बाहीतून काखेपर्यंत गेलं. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, नीट बसवली होती, चाकांना दगड होते, तरी जॅकवर अडकवलेल्या इंजिनाखाली डोकं घालायच्या आधी मी दोनदा हलवून बघितलं. वस्तादांनी बाजेवरून विचारलं, "हलवून बघितलं का?" त्यांना दिसत नव्हतं म्हणतो मी.

आईनं त्या तीन दिवसांत अंगण झाडलं नाही. सकाळी फक्त पाण्याचा सडा. धूळ हा या कामातला सगळ्यात मोठा शत्रू हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही ट्रकाचं पोट उघडून बसलोय आणि ती धुरळा उडवेल असं तिच्याकडून होणारच नव्हतं. पुसायला तिनं आजोबांचं धोतर फाडून दिलं. नव्या कापडाचे तंतू सुटतात, शंभरदा धुतलेल्या धोतराचे सुटत नाहीत.

तिसऱ्या दांड्याची कॅप, म्हणजे त्याच्या मोठ्या तोंडाचा खालचा, सुटा होणारा अर्धा भाग. दोन बोल्ट. कॅप आणि दांडा यांच्यावर एकाच बाजूला नंबर कोरलेले असतात. त्या दोघांना एकत्र धरूनच भोक पाडलेलं असतं, म्हणून एकाची कॅप दुसऱ्याला चालत नाही, आणि स्वतःचीही उलटी चालत नाही. कॅप हातात आली. खालची पट्टी ठीक होती, राखाडी, थोडी चमकलेली. पण दांड्यातली वरची पट्टी, जिच्यावर स्फोटाचा भार येतो, ती मी अंगठ्यानं सरकवून काढली आणि प्रकाशात धरली. राखाडी रंगाच्या मधे हाताच्या अंगठ्याएवढा लालसर पट्टा.

"तांबं दिसतंय," मी ओरडलो.

"कल्हई गेली," वस्ताद म्हणाले.

आणि तेवढ्या दोन शब्दांनी मला जे पुस्तकात चार पानं वाचून कळलं नव्हतं ते कळलं. या पट्टीची पाठ पोलादाची असते. तिच्यावर तांब्या-शिशाच्या मिश्रणाचा थर. आणि त्याच्यावर शिसं-कथलाचा अगदी पातळ मुलामा, मिलिमीटरच्या चाळिसाव्या-पन्नासाव्या भागाएवढा. भांड्याला करतात ती कल्हईच, फक्त कारखान्यात केलेली. आई हातातलं काम टाकून बघायला आली, पट्टी उलटसुलट केली आणि म्हणाली, "आता ह्यात ताक ठेवायला नको." मऊ धातू मुद्दाम वापरलेला असतो. ऑइलमधून एखादा कण आला तर तो कण क्रँकला ओरखडण्याऐवजी या मऊ थरात रुतून बसावा. १८३९ साली ज्या आयझॅक बॅबिटनं कथलाच्या मऊ धातूच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं तो मुळात सोनारकाम शिकलेला माणूस होता, यात मला आता काही नवल वाटत नाही.

मग मी पुण्याहून आणलेला नवा सेट उघडला. निदान झाल्यावर पुण्याला परत जाऊन ऑनलाइन मागवलेला, खोका बघून खात्री केलेली, स्टँडर्ड साइझ. अभिमानानं एक पट्टी धोतराच्या तुकड्यानं पुसली आणि बसवणार, तेवढ्यात बाजेवरून आवाज आला.

"जुन्याच्या पाठीवर काय लिवलंय?"

मी जुनी पट्टी उलटी केली. पोलादी पाठ डिझेलनं धुतली. बारीक ठशात कंपनीची खूण, काही अंक, आणि शेवटी ०.२५.

वस्ताद काही बोलले नाहीत. त्यांनी अण्णांकडे बघितलं. अण्णा म्हणाले, "म्हणजे?"

क्रँकचा दांडा ओरखडला किंवा अंडाकृती झाला तर तो मशीनवर घासून परत गोल करतात. घासला की बारीक होतो, मग त्याला तेवढी जाड पट्टी लागते. पाव मिलिमीटरची पायरी, म्हणजे गॅरेजच्या बोलीत 'दहा', इंचाचे हजारातले दहा. मग वीस, तीस. माझ्या खोक्यातल्या स्टँडर्ड पट्ट्या या क्रँकला बसवल्या असत्या तर फट पाव मिलिमीटरनं वाढली असती, आणि आत्ता येतोय तो आवाज त्याच्यापुढे भजन वाटला असता. ही माझी चूक. जुनं उघडून पाठ बघितल्याशिवाय नवं विकत घ्यायचं नाही, हे इतकं साधं आहे की पुस्तकात लिहायचं कुणाला सुचलं नसावं.

पण अण्णांच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. २००३ साली कवठे महांकाळकडच्या ज्या माणसाकडून गाडी घेतली त्यानं देवावर हात ठेवून सांगितलं होतं, इंजिनाला पाना लागलेला नाही. कंपनीनं बांधलंय तसं आहे. अण्णांनी त्या एका वाक्याचे जास्तीचे पैसे मोजले होते. गेली वीसबावीस वर्षं येईल त्याला ते सांगत आलेत, कंपनी इंजिन हाय. आता आम्ही बाकीच्या तीन कॅप उघडल्या. ०.२५, ०.२५, ०.२५. मग एक मेन, म्हणजे खुद्द क्रँकला इंजिनात धरून ठेवणारं बेअरिंग, उघडलं. ते स्टँडर्ड. म्हणजे आधीच्या मालकाकडे असतानाच बिगेन वाजलं होतं, क्रँक निघाला होता, चारी पिना, म्हणजे ज्यांवर हे दांडे बसतात ते क्रँकचे गोल भाग, घासून परत बसवला होता. आणि मग गाडी विकायला काढली होती.

अण्णांनी एक पट्टी खिशात टाकली. कशाला ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सांगलीला जाऊन 'दहा'चा बिगेन सेट आणला. दुकानदारानं काही न विचारता काढून दिला. एवढ्या जुन्या गाडीचा स्टँडर्डच मागायला येणारे कमी असतात, असं तो म्हणाला. येताना एका ओळखीच्या लेथवाल्याकडून मायक्रोमीटर उसना आणला. पिन दोन दिशांनी मोजायची: वरून-खालून, आणि आडवी. तिसऱ्या पिनेला दोन मापांत शतांशाचा फरक होता, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा. चालण्यासारखं. पृष्ठभागावर बारीक रेघा होत्या. नख फिरवलं, अडकलं नाही. अडकलं असतं तर वस्ताद म्हणाले होते, "तर मी घरी जातो आणि तुम्ही क्रँक काढा." पॉलिश पेपरची पट्टी मारू का विचारलं तर बाजेवरून आले ते शब्द इथे लिहिता येणार नाहीत. मुद्दा असा होता की पिनेत ऑइलचं भोक आहे, आणि पॉलिश पेपरची भुकटी त्यात गेली की ती परत बाहेर येते ती नव्या बेअरिंगवरच.

फट मोजायला एक हिरवी, मेणासारखी, शेवयीपेक्षा बारीक दोरी मिळते. कोरड्या पिनेवर तिचा तुकडा ठेवायचा, कॅप पूर्ण आवळायची, परत खोलायची. दोरी चपटी होते. जितकी फट कमी तितकी जास्त पसरते. पाकिटावरच्या पट्टीशी रुंदी जुळवून बघायची. जुन्या बेअरिंगला दोरी जवळपास होती तशीच राहिली होती, पट्टीवर तिची जागाच नव्हती. नव्याला सहा शतांश. मी तो आकडा ओरडून सांगितला. अण्णांनी वस्तादांना विचारलं, "बरोबर?" वस्ताद म्हणाले, "त्याला विचारा, कॅप आवळल्यावर दांडा हातानं सरकतो का, आडवा." मी दांडा धरून पिनेवर पुढे-मागे ढकलला. सरकला, जड गुळगुळीत, जसा जुना कपाटाचा कप्पा तेल लावल्यावर सरकतो. "सरकतो." "मग बरोबर." एकच गोष्ट दोन वेगवेगळ्या भाषांत तपासली गेली आणि मला त्या क्षणी दोन्हींबद्दल सारखाच आदर वाटला. हिरवी दोरी वस्तादांना मात्र आवडली. उरलेला तुकडा त्यांनी मागून घेतला.

मेन बेअरिंगं पाच. त्यांची खालची अर्धी कॅपबरोबर निघते, पण वरची क्रँकच्या डोक्यावर बसलेली असते. क्रँक न उतरवता ती काढायची युक्ती मला या सगळ्या कामातली सर्वात देखणी वाटली. एका वेळी एकच कॅप सोडायची, म्हणजे क्रँक बाकीच्यांवर लटकलेला राहतो. एका दोन पायांच्या स्प्लिट पिनेचं डोकं ठोकून चपटं करायचं, इतकं की ते पट्टीपेक्षा पातळ होईल, आणि पाय क्रँकच्या ऑइलच्या भोकात खोचायचे. मग समोरच्या पुलीच्या नटाला पाना लावून अण्णांनी क्रँक हळू फिरवायचा. पिनेचं डोकं पट्टीच्या कडेला ढकलत नेतं आणि पट्टी गोल गोल सरकत दुसऱ्या बाजूनं बाहेर येते, जीभ बाहेर काढावी तशी. पट्टीला एका टोकाला छोटी नखी असते, ती बाजू आधी बाहेर यायला पाहिजे, नाहीतर नखी अडकते. चार निघाली अशी. पाचव्याला, मागच्या सीलजवळच्या, दुपारचं जेवण थंड झालं. त्याच्याविषयी जास्त लिहायची इच्छा नाही.

ती नखी पट्टीला धरून ठेवते असं मी समजत होतो. तसं नसतं. ती फक्त बसवताना जागा दाखवते. धरून ठेवतं ते दुसरंच: दोन्ही अर्ध्या पट्ट्या अर्ध्या वर्तुळापेक्षा किंचित, अगदी किंचित मोठ्या केलेल्या असतात. कॅप आवळली की त्या एकमेकींच्या टोकांवर दाबल्या जातात आणि सगळ्या बाजूंनी घरात घट्ट बसतात. म्हणून मागे ऑइलचा थेंब नको, धुळीचा कण नको, पाठ कोरडी हवी आणि पोट माखलेलं. म्हणून टॉर्क पाना, ठरलेल्या जोरानंच आवळणारा. वस्ताद आयुष्यभर हातानं आवळत आले, पण नवे बोल्ट आणि टॉर्क पाना यावर त्यांनीच जोर धरला. "माझा हात मला माहीत हाय," ते म्हणाले. "तुझा न्हाई."

आणि कारण? बेअरिंग गेलं कशामुळे? हे शेवटी सापडलं, चेंबर धुताना. ऑइल पंप जिथून ऑइल ओढतो त्या जाळीवर काळे, रबरासारखे तुकडे चिकटले होते. जाळीचा अर्धाअधिक भाग झाकलेला. मी एक तुकडा बोटांत धरून ताणला. सिलिकॉन पेस्ट. दोन वर्षांपूर्वी चेंबरचं पॅकिंग गळत होतं तेव्हा ते घरीच बदललं होतं आणि 'परत गळायला नको' म्हणून पेस्टची अख्खी ट्यूब लावली होती. जादा पेस्ट आतल्या बाजूनं फुगते, सुकते, तुटते, आणि जाळीवर जाऊन बसते. ऑइल कमी पडतं, आणि त्याचा फटका बिगेनला बसतो.

ते पॅकिंग अण्णांनी बदललं होतं.

मी तुकडा कोब्यावर ठेवला. अण्णांनी बघितला. वस्तादांनी मान दुसरीकडे वळवून आईला विचारलं की यंदा घडांना वजन कसं आहे. नवं पॅकिंग आम्ही पेस्ट न लावता बसवलं, फक्त दोन कोपऱ्यांवर मोहरीएवढी.

सुरू करायच्या आधी स्टॉपची तार ओढून धरली, म्हणजे पंप डिझेल देत नाही आणि इंजिन नुसतं स्टार्टरवर फिरतं. अण्णांनी मागे कधीतरी स्वतः बसवून घेतलेला ऑइल प्रेशरचा काटा आहे. दहा सेकंद फिरवलं. थांबलो. परत दहा. बेअरिंगची झीज सगळ्यात जास्त होते ती हजार किलोमीटरच्या धावेत नव्हे, या पहिल्या चार-दोन फेऱ्यांत, जेव्हा दांडा अजून तरंगायला लागलेला नसतो. तिसऱ्या वेळी काटा हलला. तार सोडली. इंजिन धरलं.

अण्णा बोनेटजवळ उभे राहिले. ॲक्सिलरेटर मी दाबला, सोडला. दाबला, सोडला. उतरताना काहीच नाही. म्हणजे माझ्या कानांना. अण्णांनी वस्तादांकडे बघितलं. वस्ताद बाजेवरून उठले, गुडघ्यावर हात ठेवत तिथवर आले, चेंबरच्या बाजूला पंजा लावून उभे राहिले, मग परत जाऊन बसले. "पाचशे किलोमीटरला ऑइल बदला," म्हणाले. "आणि टॉप गिअरमध्ये घाट चढायची सवय सोडा, अण्णा. इंजिन मरगळून ओढतं तेव्हा ऑइल पिळून निघतं." अण्णा ही सवय सोडणार नाहीत. डिझेल वाचतं असं त्यांचं पक्कं मत आहे.

मी सोमवारी परत आलो. फेब्रुवारीत द्राक्षं गेली, पुढे बेदाण्याचे बॉक्सही गेले, गाडी वाजली नाही. एप्रिलमध्ये गावी गेलो तेव्हा कळलं की अण्णा मधे एकदा माल सोडून येताना वाट वाकडी करून कवठे महांकाळला गेले होते. आईनं सांगितलं. शर्टाच्या खिशात ती पट्टी घेऊन गेले होते.

संध्याकाळी मी विषय काढला. "मग? दाखवली का त्याला?"

"दाखवली."

"काय म्हणाला?"

अण्णा थोडा वेळ गप्प बसले. "लई म्हातारा झालाय. कायच ऐकू येत न्हाई त्याला. पोरगा कानाजवळ जाऊन वरडतो तवा कळतं. मी पट्टी त्याच्या हातात दिली. त्यानं डोळ्यांजवळ धरली, फिरवली, अंगठ्यानं पुसली."

"आणि पाठीवरचा आकडा?"

"बघितला की. म्हणाला, चांगली हाय, कुठल्या गाडीची?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"च्या घेतला आणि आलो," अण्णा म्हणाले. "पट्टी तिथंच ऱ्हायली. त्यानं ती उशाला ठिवून दिली."